डिझाइन रिव्ह्यूत सगळ्यांना तीच चूक दिसते तेव्हा: चमूतील वाचनाच्या सवयी ओळखून रिव्ह्यू कसा घ्यावा

तालुक्याच्या गावी बसून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या लहान चमूंकडून डिझाइन रिव्ह्यूच्या, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याआधी त्याच्या आराखड्याचा दस्तऐवज चमूने मिळून तपासण्याच्या, बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. दस्तऐवज बैठकीतच पहिल्यांदा उघडला जातो, ज्याने तो लिहिला तोच पान पुढे सरकवत समजावून सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. अशा बैठकीत सगळे एकाच वेगाने, एकाच क्रमाने आणि एकाच माणसाच्या डोळ्यांनी वाचत असतात, त्यामुळे सहा जण बसले तरी सापडणाऱ्या चुका जेमतेम एका माणसाइतक्याच असतात.

आमच्या चमूने हे स्वतः भोगले आहे. कापूसपट्ट्यातील एका जिनिंगसाठी आम्ही काटापट्टीची, म्हणजे गाडीच्या वजनाच्या पावतीची, प्रणाली करत होतो. दीड तासाच्या रिव्ह्यूत ११ मुद्दे निघाले आणि त्यांतले ९ रकान्यांच्या नावांचे व शुद्धलेखनाचे होते. डिझाइनमध्ये टोकन क्रमांक रोज रात्री बाराला पुन्हा एकपासून सुरू होत होता आणि गाडीची भरलेली व रिकामी अशी दोन्ही वजने 'तारीख व टोकन' या जोडीवरून जुळवली जात होती. दिवाळीनंतर आवक वाढली. संध्याकाळी भरलेले वजन झालेली ३७ क्रमांकाची गाडी रात्री साडेबाराला रिकामी होऊन काट्यावर आली, तेव्हा तिचे रिकामे वजन नव्या तारखेच्या ३७ क्रमांकावर नोंदले गेले, आणि सकाळी आलेल्या दुसऱ्याच शेतकऱ्याच्या गाडीला ते चिकटले. काटापट्टी हातात धरून तो शेतकरी काटेवाल्याला म्हणाला, "भाऊ, माह्या गाडीत एवढाच कापूस होता काय?" काटेवाल्याची कागदी वही होती म्हणून चूक त्याच दिवशी पकडली गेली.

त्या रिव्ह्यूला बसलेल्या आम्हा सहाही जणांना हंगामात गाड्या रात्रभर रांगेत उभ्या राहतात हे लहानपणापासून ठाऊक होते. माहिती खोलीत होती, मात्र ती वर येईल अशा रीतीने कोणीही वाचले नव्हते. त्यानंतर आम्ही रिव्ह्यूची जी पद्धत बसवली ती पुढे टप्प्याटप्प्याने दिली आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या कागदांवर उभा आहे.

## सुरुवातीपूर्वी: 'शिकण्याची शैली' या शब्दाचा किती अर्थ घ्यायचा

एखादा चित्रातून शिकतो, एखादा ऐकून शिकतो आणि त्याला त्याच्याच शैलीत शिकवले तर तो अधिक शिकतो, हे आपण शिक्षक प्रशिक्षणांपासून ऐकत आलो आहोत. या दाव्याला पुरेसा पुरावा नाही. हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून तसा स्पष्ट निष्कर्ष मांडला आहे. म्हणून "हा चित्रवाला आहे, याला फक्त आकृती द्या" असे करू नका.

रिव्ह्यूसाठी आपल्याला त्याहून साधी गोष्ट हवी आहे. तोच दस्तऐवज हाती आल्यावर माणसे वेगवेगळ्या ठिकाणी थबकतात. कोणी आकृतीकडे आधी जातो, कोणी व्याख्येतला शब्द धरून बसतो, कोणी पहिल्या ओळीपासून क्रमाने जातो, तर कोणी शेवटचे पान पाहून मग मागे येतो. जिथे माणूस थबकतो तिथल्या चुका त्याला दिसतात आणि जिथून तो सरसर पुढे जातो तिथल्या निसटतात. चमूची कामगिरी या थबकण्याच्या जागा एकमेकांवर किती पडतात यावर बरीच अवलंबून असते. आपण सवयी ओळखतो त्या माणसांची प्रतवारी लावण्यासाठी नव्हे, वाचन नीट वाटून देता यावे म्हणून.

## टप्पा १: तपासायचा भाग आणि तारीख ठरवा

एका रिव्ह्यूत संपूर्ण प्रणाली घेऊ नका. एक प्रवाह घ्या: उदाहरणार्थ, गाडी गेटवर येण्यापासून काटापट्टी निघेपर्यंत. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होण्याचा भाग पुढच्या रिव्ह्यूला ठेवा. आमच्या अनुभवात १० पानांपलीकडे गेलेला दस्तऐवज कोणीही शेवटपर्यंत सारख्या लक्षाने वाचत नाही.

दस्तऐवज वाटण्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस यांत किमान तीन कामाचे दिवस ठेवा. गावात वीज कधी जाईल आणि नेट कधी अडेल याचा नेम नसतो, त्यामुळे प्रत्येकाला छापील प्रत द्या. छापील प्रतीचा आणखी एक फायदा आहे: समासात काढलेल्या खुणांवरून माणूस कसा वाचतो हे पुढे कळते.

तपासणी: लिहिणाऱ्याला स्वतःला ठाऊक असलेले अपुरे भाग त्याने दस्तऐवजात 'अद्याप ठरलेले नाही' असे लिहून चौकटीत टाकले आहेत का? नसतील तर दस्तऐवज परत करा. वाचणाऱ्यांचे तास उघड दिसणाऱ्या रिकाम्या जागा शोधण्यात घालवू नयेत.

## टप्पा २: प्रत्येकाची वाचनाची सवय ओळखा

हा टप्पा एकदाच करायचा आहे. नवा माणूस आला की तेवढ्यापुरता पुन्हा करावा.

यासाठी रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांनी १९८८ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणासाठी मांडलेल्या प्रारूपातील चार जोड्या उपयोगी पडतात. आमच्या चमूत आम्ही त्यांना साधी नावे दिली आहेत.

करून पाहणारा आणि मनात घोळवणारा. पहिल्याला बोलता बोलता किंवा हाताने करून पाहताना चूक सापडते, दुसऱ्याला एकट्याने दोनदा वाचल्यावर.

तपशील धरणारा आणि अर्थ शोधणारा. पहिला आकडे, मर्यादा, एकके पाहतो. दुसरा 'हे असे का केले' आणि 'याचा त्याच्याशी काय संबंध' हे पाहतो.

चित्रातून पाहणारा आणि शब्दांतून पाहणारा.

क्रमाने जाणारा आणि आधी संपूर्ण चित्र मागणारा.

या प्रारूपावर आधारलेली ४४ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक जोडीसाठी ११ प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाला दोन पर्याय असतात आणि गुण एका बाजूला १ ते ११ या विषम अंकांत येतात. १ किंवा ३ आले तर माणूस त्या जोडीत समतोल आहे असे धरतात, ५ किंवा ७ आले तर मध्यम कल आणि ९ किंवा ११ आले तर ठळक कल. प्रश्न इंग्रजीत असल्याने आमच्या चमूत आम्ही प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून मग उत्तर घेतले, कारण प्रश्नच अर्धवट कळला तर गुणांना काही अर्थ उरत नाही.

मात्र केवळ प्रश्नावलीवर विसंबू नका. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो आणि प्रत्यक्षात जसे वाचतो त्यांत अंतर असते. म्हणून एक छोटा सराव घ्या. जुन्या, संपलेल्या कामातील दोन पाने घ्या आणि त्यांत मुद्दाम ८ चुका पेरा: दोन आकृतीत, दोन मजकुराच्या शब्दांत, दोन आकड्यांत आणि दोन अशा की ज्या एका पानाची दुसऱ्याशी तुलना केल्याशिवाय दिसत नाहीत. अर्धा तास द्या. कोणी कोणत्या चुका पकडल्या आणि समासात पहिली खूण कुठे पडली, याची नोंद ठेवा.

आमच्या सरावात एक गोष्ट लख्ख दिसली. चमूतील एक मुलगी बैठकांत जवळजवळ काहीच बोलत नसे, आणि तिचे लक्ष नसते असा आमचा समज होता. तिने पेरलेल्या आठांपैकी सहा चुका पकडल्या आणि आम्ही न पेरलेली एक खरी चूकही काढली. तिच्या कागदावर पहिली वीस मिनिटे एकही खूण नव्हती, आणि नंतरच्या दहा मिनिटांत तिने सगळे लिहिले होते. आमच्या आधीच्या बैठकांत कोणालाही सलग वीस मिनिटे शांतता मिळत नव्हती.

सावधगिरी: ही नोंद पगारवाढ, बढती किंवा कामाच्या मूल्यमापनासाठी वापरू नका आणि तसे चमूला आधीच सांगा. प्रश्नावलीतून फक्त कल कळतो, क्षमता कळत नाही. एकदा हे गुण साहेबांच्या फाइलीत गेले की पुढच्या वेळी उत्तरे खरी येणार नाहीत.

## टप्पा ३: दस्तऐवजाला चार दारे ठेवा

बहुतेक डिझाइन दस्तऐवज लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीचे असतात. शब्दांवर हुकूमत असणारा सहा पाने सलग मजकूर देतो, तर चित्रे काढणारा चौकटी आणि बाण देऊन मोकळा होतो. मग वेगळ्या सवयीच्या वाचणाऱ्याचा निम्मा वेळ दस्तऐवज आपल्या डोक्यात बसवण्यातच जातो. म्हणून प्रत्येक दस्तऐवजात पुढील चार गोष्टी असल्याच पाहिजेत.

१. सुरुवातीला अर्ध्या पानाचा गोषवारा: ही प्रणाली कोणासाठी आहे, तिच्या आधी काय घडते आणि नंतर काय घडते.

२. संपूर्ण प्रवाहाची एक आकृती, एका पानावर मावणारी.

३. प्रत्येक नियम पूर्ण वाक्यात. 'ओलावा तपासणे' इतके लिहून भागत नाही. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस नाकारला जातो. तेव्हा बरोबर १२.० आले तर काय करायचे हे वाक्यात लिहिलेले हवे. आकृतीत नुसते 'ओलावा > १२' असते आणि मजकुरात '१२ व त्यावरील' असते, अशी विसंगती आम्हाला दोनदा सापडली आहे.

४. एक पूर्ण सोडवलेले उदाहरण, खऱ्या आकड्यांसह. भरलेले वजन ४,२६० किलो, रिकामे वजन २,१४० किलो, निव्वळ २,१२० किलो म्हणजे २१.२० क्विंटल, ओलावा १० टक्के, आणि त्यावरून काटापट्टीवर छापली जाणारी प्रत्येक ओळ.

हे चौथे दार सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. उदाहरण लिहायला बसले की लिहिणाऱ्यालाच आपल्या चुका दिसू लागतात. एकाच टेम्पोत दोन भावांचा कापूस, दोन वेगळे सातबारे आणि पैसे दोन वेगळ्या खात्यांत जायचे आहेत, असे उदाहरण घेतले की 'एक गाडी म्हणजे एक शेतकरी' हे माहिती साठवण्याच्या टेबलाच्या रचनेतले गृहीतक पहिल्याच ओळीला कोसळते.

तपासणी: आकृती, नियम आणि उदाहरण हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे लिहिणाऱ्याने वाटण्याआधी स्वतः पडताळावे. न जुळणारी जागा सापडली तर ती बहुधा डिझाइनचीच चूक असते.

## टप्पा ४: वाचनाचे काम वाटून द्या

सवयी कळल्या, दस्तऐवज तयार झाला. आता कोणी काय पाहायचे ते लेखी द्या. "सगळ्यांनी सगळे नीट वाचा" असे सांगितले की प्रत्येक जण आपल्या सवयीने सोपा भाग वाचतो आणि अवघड भाग दुसऱ्याने वाचला असेल असे समजतो.

वाटणी भूमिकांनुसार करावी. व्हिक्टर बॅसिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली दृष्टिकोनानुसार वाचनाची पद्धत येथे उपयोगी आहे. तिच्यात प्रत्येक वाचणारा एका विशिष्ट माणसाच्या जागी बसून वाचतो आणि वाचता वाचता काहीतरी तयार करतो. आमच्याकडे साधारण अशा भूमिका असतात.

काटेवाल्याच्या जागी बसणाऱ्याने दस्तऐवजावरून काटेवाल्याच्या एका पाळीचा दिनक्रम लिहायचा: कोणती कळ दाबायची, वीज गेली तर काय, चुकीची गाडी काट्यावर आली तर काय.

टेस्टरच्या, म्हणजे तयार प्रणाली तपासणाऱ्याच्या, जागी बसणाऱ्याने प्रत्येक नियमासाठी चाचणीची उदाहरणे लिहायची, सीमेवरचे आकडे धरून.

पुढे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या जागी बसणाऱ्याने टेबले आणि त्यांच्या किल्ल्या (ज्या रकान्यांवरून प्रत्येक नोंद वेगळी ओळखली जाते ते रकाने) स्वतः कागदावर पुन्हा काढायच्या.

शेतकऱ्याच्या जागी बसणाऱ्याने हातात आलेली पावती वाचायची आणि तिच्यावरील प्रत्येक आकडा कुठून आला ते मागे जाऊन शोधायचे.

आता भूमिका सवयीला अनुकूल द्यायची की प्रतिकूल, हा प्रश्न येतो. आम्ही दोन्ही करून पाहिले. सुरुवातीला तपशील धरणाऱ्याला टेस्टरची आणि अर्थ शोधणाऱ्याला काटेवाल्याची भूमिका देणे बरे, कारण नवी पद्धत शिकताना माणसाला थोडा आधार लागतो. तीन-चार रिव्ह्यूंनंतर भूमिका फिरवाव्यात. ठळक कल असलेला माणूस, म्हणजे ९ किंवा ११ गुणांचा, नेहमी त्याच भूमिकेत ठेवला तर त्याची निसटणारी बाजू कायम निसटतच राहते.

त्याहून मोठी अट अशी की दस्तऐवजाच्या सर्वांत जोखमीच्या भागावर किमान दोन माणसे असावीत, आणि त्या दोघांच्या सवयी एकमेकांपासून दूर असाव्यात. क्रमाने जाणारा प्रत्येक पायरी तपासतो, पण दोन पायऱ्यांच्या मधला काळ त्याला दिसत नाही. आमच्या टोकन क्रमांकाच्या बाबतीत हेच घडले. भरलेले वजन ही पायरी बरोबर होती, रिकामे वजन ही पायरीही बरोबर होती. चूक त्या दोहोंच्या मध्ये जाणाऱ्या रात्रीत होती. ती दिसायला आधी संपूर्ण चित्र मागणारा माणूस हवा होता.

सावधगिरी: गावातल्या चमूत माणसे एकाच महाविद्यालयातून, कित्येकदा एकाच वर्गातून आलेली असतात आणि एकाच शिक्षकाने शिकवलेल्या पद्धतीने आकृत्या काढतात. अशा वेळी भिन्न सवयीचा माणूस चमूत नसेलच, तर जिनिंगचा मुनीम किंवा काटेवाला अशा बाहेरच्या एका माणसाला उदाहरणाचे पान तरी वाचायला द्या. त्याला सॉफ्टवेअर येण्याची गरज नाही.

## टप्पा ५: एकट्याने वाचन आणि लेखी नोंद

संपूर्ण पद्धतीचा भार या टप्प्यावर आहे, म्हणून येथे घाई करू नये.

प्रत्येकाने दोन फेऱ्यांत वाचावे. पहिली फेरी स्वतःच्या सवयीने, जसे मन जाईल तसे. दुसरी फेरी नेमून दिलेल्या भूमिकेने, तिच्यातले काम हाताने करत. दोन फेऱ्यांमध्ये किमान एक रात्र जाऊ द्यावी. मनात घोळवणाऱ्याला ती लागतेच, आणि करून पाहणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी नवे काही दिसते. करून पाहणाऱ्याला निमूट बसून वाचणे जड जाते, तेव्हा त्याला कागदाच्या चिठ्ठ्या करून गाड्या सरकवू द्या किंवा कोऱ्या काटापट्टीवर उदाहरण भरू द्या. त्याने दुसऱ्या वाचणाऱ्याशी चर्चा मात्र करू नये.

नोंद पुढील पाच रकान्यांत असावी: पान व ओळ, काय दिसले, त्याने काय बिघडेल, किती गंभीर, आणि पहिल्या फेरीत सापडले की दुसऱ्या. 'काय बिघडेल' हा रकाना कोणी रिकामा सोडू नये. "टोकन क्रमांकाची रचना बरोबर वाटत नाही" ही नोंद निरुपयोगी आहे. "२३:५० ला आलेली गाडी ००:२० ला रिकामी झाली तर दुसरे वजन पहिल्याला जोडले जाणार नाही" ही उपयोगी आहे. अर्थ शोधणाऱ्यांच्या नोंदी अनेकदा पहिल्या प्रकारच्या असतात: त्यांना खटकलेले असते, पण ते आकड्यात उतरवलेले नसते. त्यांना परत पाठवून एक उदाहरण मागा. तपशील धरणाऱ्यांचे याच्या उलट असते. ते वीस बारीक मुद्दे लिहितात आणि त्यांतला जिवावर बेतणारा एक त्याच रांगेत हरवतो, म्हणून त्यांना गंभीरतेचा रकाना आधी भरायला सांगा.

शुद्धलेखनाच्या आणि मांडणीच्या चुका वेगळ्या कागदावर लिहून थेट लिहिणाऱ्याकडे द्याव्यात. त्या बैठकीत येऊ नयेत.

सावधगिरी: नोंदी जमा होईपर्यंत त्या कोणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत. एकाची नोंद दुसऱ्याने वाचली की तोही तेच शोधू लागतो, आणि वेगळ्या सवयीचा सगळा लाभ जातो. ही चूक आमच्याकडे नव्या मुलांकडून हमखास होते, आणि तीही उत्साहापोटी.

तपासणी: बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत ज्याची नोंद आली नाही, त्याच्यासाठी बैठक एक दिवस पुढे ढकला. न वाचता आलेला माणूस बैठकीत बसला की सगळी चर्चा त्याला समजावण्यात जाते.

## टप्पा ६: नोंदी एकत्र करा आणि उरलेल्या चुकांचा अंदाज बांधा

संयोजकाने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, बैठकीआधी सगळ्या नोंदी एका यादीत आणाव्यात. एकच चूक दोघांनी लिहिली असेल तर ती एकदाच घ्यावी, पण कोणाकोणाला सापडली हे पुढे लिहावे. या माहितीवरून एक उपयोगी हिशेब करता येतो.

समजा पहिल्या वाचणाऱ्याला १२ चुका सापडल्या, दुसऱ्याला १०, आणि त्यांतल्या ६ दोघांनाही सापडल्या. १२ ला १० ने गुणून ६ ने भागले की २० येतात. हा एकूण चुकांचा अंदाज. प्रत्यक्षात दोघांच्या मिळून १६ वेगळ्या चुका हाती आहेत, म्हणजे साधारण ४ अजून दडलेल्या असाव्यात. तळ्यातले मासे मोजण्यासाठी काही पकडून खूण करून सोडतात आणि दुसऱ्या वेळी जाळ्यात खुणेचे किती आले ते पाहतात, तोच हा हिशेब आहे.

येथेच वाचनाच्या सवयी फसवतात. दोन्ही वाचणारे सारख्या सवयीचे असतील तर त्यांना सामाईक चुका जास्त सापडतात. वरच्याच उदाहरणात सामाईक चुका ९ धरल्या तर अंदाज सुमारे १३ येतो. हातातही १३ च असतात, आणि आता काही उरले नाही असे वाटते. खरे पाहता दोघेही एकाच कोपऱ्यात शोधत होते. आमचा पहिला हिशेब असाच आला होता, आणि त्यावर विसंबून आम्ही पुढे गेलो होतो. दूरच्या सवयीच्या दोघांत सामाईक चुका ३ निघाल्या तर अंदाज ४० चा येतो. तो कदाचित फुगलेला असेल, पण त्याने पुन्हा वाचायला लावले तर नुकसान काही नाही.

तपासणी: हा हिशेब दूरच्या सवयीच्या जोडीवरच करा. सामाईक चूक एकही नसेल तर हिशेब होत नाही. अशा वेळी तो भाग तिसऱ्याकडून वाचून घ्या.

## टप्पा ७: बैठक

बैठकीत नव्या चुका फार निघतील अशी अपेक्षा ठेवू नये. लॉरेन्स व्होट्टा यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की बहुतेक चुका तयारीच्या वाचनातच सापडतात आणि बैठकीत फार थोड्यांची भर पडते. बैठक असते ती यादीतील प्रत्येक मुद्दा खरी चूक आहे की गैरसमज, हे ठरवण्यासाठी.

वेळ दोन तासांच्या वर नेऊ नका. मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये तपासणीची जी पद्धत मांडली तिच्यातही हीच मर्यादा आहे. संयोजक लिहिणारा स्वतः नसावा. दस्तऐवज वाचून दाखवण्याचे कामही दुसऱ्याकडे द्यावे, कारण दुसरा माणूस जे वाचतो ते कागदावर असलेले असते, आणि लिहिणारा त्याच्या मनात असलेले सांगतो.

मुद्दे मांडण्याचा क्रम ठरवून घ्या. आधी मनात घोळवणारे आपली लेखी नोंद वाचतील, नंतर करून पाहणारे बोलतील. उलट केले की बोलके तासभर बोलतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत बाकीच्यांना "तुमचं काही आहे का?" असे विचारले जाते. वयाचा आणि नात्याचा मानही येथे आड येतो. ज्याला आपण दादा म्हणतो त्याच्या डिझाइनमध्ये चूक आहे असे तोंडावर म्हणणे धाकट्याला कठीण जाते. म्हणून संयोजकाने मुद्दा वाचताना तो कोणाचा आहे हे सांगू नये. यादीतील क्रमांक सांगावा.

चूक मान्य झाली की पुढच्या मुद्द्यावर जा. ती दुरुस्त कशी करायची याची चर्चा करून पाहणाऱ्यांना फार आवडते आणि तिच्यात अर्धा तास सहज जातो. तिच्यासाठी बैठकीनंतर दोघांनी वेगळे बसावे.

## टप्पा ८: दुरुस्ती आणि पडताळणी

लिहिणाऱ्याने प्रत्येक मुद्द्यापुढे काय बदलले ते लिहावे. पडताळणी चूक सापडलेल्यानेच न करता दूरच्या सवयीच्या दुसऱ्याने करावी. चूक शोधणारा आपण सुचवलेला बदल झाला की समाधान मानतो. दुसरा त्या बदलाने आणखी काय हलले हे पाहतो. टोकनची चूक दुरुस्त करताना आम्ही तारखेऐवजी संपूर्ण हंगामासाठी एकच सलग क्रमांक घेतला. पडताळणीत असे निघाले की नेट बंद असताना दोन काट्यांवरचे दोन संगणक तोच पुढचा क्रमांक देऊ शकतात. मग प्रत्येक काट्याचे अक्षर क्रमांकाच्या आधी जोडावे लागले.

## तीन रिव्ह्यूंनंतर काय पाहावे

तीन रिव्ह्यूंच्या याद्या समोर ठेवा आणि फक्त गंभीर चुका घ्या. प्रत्येक चुकीपुढे ती किती जणांना आणि कोणत्या फेरीत सापडली ते पाहा.

बहुतेक गंभीर चुका एकाच माणसाला सापडत असतील तर त्याच्यावर भार आहे. तो रजेवर गेला की रिव्ह्यू पोकळ होईल. त्याची भूमिका दुसऱ्याला देऊन त्याला सोबत बसवा. बहुतेक चुका पहिल्याच फेरीत सापडत असतील तर भूमिकांची कामे कागदावरच राहत आहेत, म्हणजे काटेवाल्याचा दिनक्रम किंवा टेस्टरची उदाहरणे कोणी लिहीत नाही. ती बैठकीआधी नोंदीसोबत मागून घ्या. आणि बहुतेक चुका तिघा-चौघांनाही सापडत असतील तर माणसे जास्त आणि नजरा कमी आहेत. त्यांतल्या दोघांना त्या रिव्ह्यूतून मोकळे करून दुसऱ्या भागाच्या वाचनाला लावा.

शेवटी हंगामात प्रत्यक्ष सापडलेल्या चुका याच यादीत जोडा आणि प्रत्येकीपुढे लिहा: दस्तऐवजाच्या कोणत्या पानावर ही दिसायला हवी होती आणि ते पान कोणाच्या वाट्याला होते. हे लिहिताना त्या माणसाला बोलावून घ्या, त्याची छापील प्रत काढा आणि त्या पानाच्या समासात काय आहे ते दोघांनी मिळून पाहा. तिथे खूण नसेल तर तो त्या जागेवरून सरकला होता. पुढच्या रिव्ह्यूत तसल्या जागेवर वेगळ्या सवयीचा दुसरा माणूस नेमा. खूण असून नोंद नसेल, तर त्याला चूक दिसली होती पण लिहिण्याइतकी खात्री वाटली नव्हती. मग त्याला सांगा की खात्री नसली तरी उदाहरणासह लिहावे, आणि नोंदीच्या कागदावर 'शंका' असा एक सहावा रकाना वाढवा.